प्लॉट जुलैत बघावा

मुंबईत स्वतःचं, सुटं घर बांधायचं म्हटलं की ऐकणारा आधी तोंडाकडे बघत राहतो. फ्लॅटांच्या शहरात असे लोक थोडे, पण आहेत. गावठाणातलं आजोबांचं घर पाडून त्याच जागी नवं उभं करणारे, मुलुंड-चेंबूरकडच्या जुन्या प्लॉटवर दुमजली बांधणारे, गोराई-मनोरीला वाडीतल्या तुकड्यावर घर घालणारे. आणि यातले बहुतेक जण जागा नीट पाहतात ती जानेवारीत. हवा छान असते, माती कोरडी, कोपऱ्यातला आंबा मोहरलेला. हॉल कुठे, देवघर कुठे, झोपाळा कुठे टांगायचा, सगळं तिथल्या तिथे ठरतं.

तोच प्लॉट जुलैत, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, दोन तास पाऊस कोसळून गेल्यावर पाहिला तर निम्मे बेत बदलतात. मुंबईतल्या घराचा नकाशा खोल्यांपासून काढायला घेतला की चुकतो. तो पाण्यापासून काढावा: वरून पडणारं पाणी, जमिनीतून भिंतीत चढणारं, रस्त्यावरून आत शिरणारं, आणि हवेतून मीठ घेऊन येणारं. खोल्या उरलेल्या जागेत बसतात, आणि गंमत म्हणजे चांगल्या बसतात.

जुलैत काय बघायचं? शेजारच्या कुंपणभिंतीवर शेवाळाची रेघ कुठवर चढली आहे ती. शेवाळाखाली तपकिरी गाळाचा पट्टा असेल तर तिथे पाणी नुसतं ओलावत नाही, उभं राहतं. किती वेळ उभं राहतं ते घड्याळ लावून बघावं. पाऊस थांबल्यावर तासाभरात ओसरलं तर प्रश्न उताराचा आहे आणि तो आपल्या हातात आहे. भरती उतरेपर्यंत हललंच नाही, तर प्रश्न गटाराच्या तोंडाचा आहे आणि तो आपल्या हातात नाही. मुंबईची पावसाळी गटारं जिथे समुद्राला किंवा खाडीला मिळतात, त्यातली बरीच तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र वर आला की ती पाणी घेत नाहीत. जुनी गटारं तासाला २५ मि.मी. पावसाच्या हिशेबाने घातलेली. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तो हिशेब ५० मि.मी. वर नेला, आणि मग हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर अशी, पाणी उपसून बाहेर टाकणारी उदंचन केंद्रं उभी राहिली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. भागाकार केला तर तासाला ३९ येतात, म्हणजे कागदावर ५० च्या आत. पण त्यातला मोठा वाटा दुपार-संध्याकाळच्या काही तासांत पडला. सरासरीवर घर बांधू नये ते एवढ्यासाठी.

म्हणून आळीतल्या जुन्या माणसाला एकच प्रश्न विचारावा: '२००५ ला पाणी कुठवर होतं?' तो आकडा सांगणार नाही, हात दाखवेल. 'या गजापर्यंत.' तिथे खडूची खूण करून रस्त्याच्या मध्यापासून तिची उंची टेपने मोजावी. घराच्या नकाशातला पहिला आकडा हा.

दुसरा आकडा महापालिकेच्या कागदावर मिळतो. मुंबईतल्या बांधकाम परवानगीच्या पहिल्या कागदाचं नाव मोठं मजेशीर आहे: 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नामंजुरीची सूचना. १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या ३४६ व्या कलमाखाली ती निघते. नकाशा नामंजूर, मात्र खालच्या अटी पाळल्यात तर हरकत नाही, असा तिचा सूर. या आयओडीच्या अटींत एक नेहमीची अट असते: सखल प्लॉट किमान २७.५५ मीटर टाउन हॉल डेटमपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर वर, यातलं जे उंच असेल तिथवर, मुरूम-माती-दगडांनी भरून, दाबून, रस्त्याकडे उतार देऊन घ्यावा. हा टाउन हॉल म्हणजे फोर्टातली एशियाटिकची इमारत. तिच्याशी जोडलेल्या पातळीवरून मुंबईतल्या जमिनीची उंची आजही मोजतात. त्या मोजणीचं शून्य समुद्रसपाटीच्या बरंच खाली धरलेलं आहे, तेव्हा २७.५५ वाचून आपण डोंगरावर आहोत असं कुणी समजू नये.

१५ सेंटिमीटर ही किमान अट आहे. तेवढ्यावर थांबलेली घरं बघायची असतील तर कुठल्याही जुन्या गावठाणात फिरावं. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. बांधली तेव्हा ती खड्ड्यात नव्हती. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा वर येत गेला. त्यामुळे जोतं रस्त्याच्या मध्यापासून किमान ६०० मि.मी. घ्यावं, आणि खडूची खूण त्याहून वर असेल तर ९०० पर्यंत जावं. ९०० म्हणजे १५० च्या सहा पायऱ्या. घरात म्हातारं माणूस असेल, आणि कधी ना कधी असतंच, तर १ ला १२ उताराने १०.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. पुढच्या अंगणात तो सरळ बसत नाही, घराच्या बाजूने वळवून न्यावा लागतो, आणि म्हणूनच तो पहिल्या नकाशात हवा. मागाहून घातलेला रॅम्प घसरगुंडी होतो.

जोत्याची भर हे दिसायला सगळ्यात सोपं आणि निस्तरायला सगळ्यात अवघड काम. स्वस्त म्हणून पाडकामाचं डेब्रिज टाकतात. त्यात प्लास्टरचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, कधी अख्खी चौकट. लाकूड कुजतं, पोकळी राहते, वाळवीला घरपोच जेवण. भर चांगल्या मुरमाची, दीडशे-दोनशे मि.मी. च्या थरांत, दर थराला पाणी मारून, धुमसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकून. मीटरभर भर एकाच दिवशी ट्रकमधून ओतून वरून पाणी सोडलं तर वरचा थर घट्ट होतो, खालचा पुढच्या दोन पावसाळ्यांत बसतो. मग फरशी पोकळ वाजते, स्वयंपाकाचा ओटा भिंतीपासून सुटतो, आणि सांडपाण्याच्या नळाचा उतार उलटतो. नीट ठोकलेल्या भरीवर दगडी सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर), पीसीसी (बिनसळईच्या काँक्रीटचा थर), वाळवीप्रतिबंधक फवारणी, आणि जोत्याच्या माथ्यावर सगळ्या भिंतींखालून सलग जाणारा ओलरोधक थर. सलग हा शब्द महत्त्वाचा. दाराच्या जागी तो तुटतो आणि ओल नेमकी तिथून चढते.

या भरीखाली नक्की काय आहे, हा प्रश्न मात्र भर टाकण्याच्या आधीचा. अंधेरीला गिल्बर्ट हिलचा काळा कातळ उभाच्या उभा आहे आणि काही किलोमीटरवर वर्सोव्याच्या खाडीकाठी पाय रुततो असा चिखल. इतकं लांब जायलाही नको. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात दीड मीटरवर कातळ आणि दुसऱ्यात पाच मीटरपर्यंत जुन्या खाजणाची भर असू शकते. घर अर्धं कातळावर आणि अर्धं भरावावर बसलं की भरावाची बाजू खचते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात, त्या कुठल्याही पुट्टीने बुजत नाहीत. म्हणून घर लहान असलं तरी जमीन तपासायला किमान दोन बोअर (खोल भोकं), कर्णावरच्या दोन कोपऱ्यांत. दोन्हीत कातळ वेगवेगळ्या खोलीवर लागला तर तिसरा मध्ये. हौसेच्या टाइल्सवर जो खर्च होतो त्यापुढे हा किरकोळ, तरी सगळ्यात आधी यावरच काट मारतात. खाडीचा चिखल निघाला तर सुटे फूटिंग, म्हणजे दर कॉलमखाली वेगळा पाया, विसरावे. राफ्ट (घराखाली एकच सलग पाया) किंवा पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) यांचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनियरचा, मुकादमाचा नव्हे.

गावठाणात शेजाऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर असते आणि तिचा पाया बहुधा दगड-चुन्याचा, उथळ. तिच्या कडेने सलग चर खणायचा नाही. मीटर-सव्वा मीटरचे तुकडे, एकाआड एक; पहिले भरून घट्ट झाल्यावर मधले. आणि कुदळ मारण्याआधी शेजाऱ्याला बरोबर घेऊन त्याच्या घरातल्या आधीच्या भेगांचे तारखेसह फोटो काढावेत. संबंध टिकतात.

आता खोल्या. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर आडवा मारतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात समुद्राचा वाराही तिकडूनच येतो. जी भिंत उघडी हवी तीच बंद हवी, हा मुंबईच्या घराचा खरा पेच, आणि त्याचं उत्तर कोकणातल्या घरांनी फार पूर्वी दिलेलं आहे: पडवी. दोन-सव्वादोन मीटर खोल पडवी असली की पाऊस तिच्यात संपतो, दार-खिडकी उघडी राहते, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. सपाट स्लॅब आला आणि घराच्या डोक्यावरची छत्री गेली. भिंत उघडी भिजायला लागली. एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेच्या, हिशेबात कात्री पहिल्यांदा पडवीवर चालते. त्याऐवजी एक खोली दोन फुटांनी लहान करावी. पडवी जमतच नसेल तर पश्चिमेला जिना, कोठीची खोली, कपाटांची भिंत असं काही लावावं. खिडक्यांचं क्षेत्र आपल्यासारख्या दमट हवेत फरशीच्या सहाव्या हिश्श्याइतकं धरतात. १२ चौरस मीटरच्या खोलीला २ चौरस मीटर उघडणारी खिडकी. सरकत्या खिडकीत त्यातलं निम्मंच उघडतं, हे दुकानदार सांगत नाही.

छज्जा ४५० मि.मी. चा सगळेच देतात. पश्चिमेला ६०० ते ७५० द्यावा. त्याच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेपासून इंचभर आत, अर्ध्या इंचाची खाच हवी; पाणी पुढे सरकत भिंतीपर्यंत न जाता त्या खाचेशी तुटून पडतं. नकाशात ती असते. प्लास्टर करणारा गवंडी सफाईने ती बुजवून टाकतो. छज्जावर तांब्याभर पाणी ओतून खालून बघावं, कळतं. खिडकीखालचा ग्रॅनाइटही तसाच: बाहेरची पट्टी आतल्यापेक्षा १० मि.मी. खाली, बाहेर उतरती, भिंतीच्या इंचभर पुढे आलेली, खालून खाच मारलेली, आणि दोन्ही टोकं प्लास्टरच्या आत घुसवलेली. सपाट एकच दगड आतबाहेर टाकला की चौकटीखालून पाणी आत येतं आणि दोष खिडकीवाल्यावर जातो.

न्हाणीघरावर न्हाणीघर, स्वयंपाकघराच्या मोरीवर मोरी, हे जुनं शहाणपण. शयनगृहाच्या डोक्यावर संडास आणायचा नाही. बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली सोडून त्यात नळ पुरायची आपल्याकडची सवय मात्र पुन्हा तपासायला हवी. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरतात, वर फरशी लावतात, आणि एखादा सांधा पाझरू लागला की पाणी आतल्या आत साठत राहतं. खालच्या छताला पोपडा येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. ११० मि.मी. च्या मैल्याच्या नळाला १ ला ५० उतार धरला तर तीन मीटरला ६० मि.मी. लागतात, कमोड डक्टला (नळ उतरवायच्या उभ्या पोकळीला) चिकटून ठेवलं तर खोल सनकन स्लॅबची गरजच उरत नाही, दोनशे-सव्वादोनशेत काम होतं. तरी खड्डा ठेवलाच तर त्याच्या तळातून एक २५ मि.मी. ची नळी डक्टमध्ये उघडी सोडावी. ती ठिबकायला लागली की आत गळती आहे. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाखालच्या भांड्यात) ५० मि.मी. पाणी उभं राहायला हवं, नाहीतर गटाराचा वास घरात.

तळमजल्याच्या नहाणीबद्दल आणखी एक. मोठ्या पावसात रस्त्याखालची मलवाहिनी तुंबली की मैला उलट्या दिशेने येतो आणि घरातल्या सगळ्यात खालच्या भोकातून वर उसळतो. जोतं कितीही उंच असलं तरी हे पाणी दारातून येत नाही. शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि दर मे महिन्यात उघडून साफ करावा. साफ न केलेला व्हॉल्व्ह अर्धा उघडा अडकतो.

मिठाचं काम याहून हळू चालतं. खारी हवा काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. किनाऱ्याच्या इमारतींच्या छज्जांखाली दिसणाऱ्या तांबड्या रेघा आणि निखळलेले पोपडे ते हेच. काँक्रीटच्या आयएस ४५६ या २००० सालच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या हवेत उघडं राहणारं काँक्रीट 'सिव्हिअर' गटात मोडतं: ताकदीची प्रत किमान एम-३०, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, सळईवर ४५ मि.मी. कव्हर, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटची जाडी. लाटांचे तुषार थेट लागत असतील तर एम-३५ आणि ५० मि.मी. कव्हर. आडोशाच्या भागाला एम-२५ आणि ३० चालतं. हे तीन वेगळे आकडे नकाशावर वेगळे लिहून घ्यावेत, कारण एरवी सगळीकडे सवयीने २० किंवा २५ मि.मी. कव्हर पडतं.

इथे भाषेची एक अडचण आहे. नकाशा मिलिमीटरमध्ये असतो, गवंडी इंच आणि सुतात बोलतो. आठ सुतांचा एक इंच. ४५ मि.मी. म्हणजे पावणेदोन इंच, एक इंच सहा सूत. 'पंचेचाळीस एमएम' म्हटलं की मान डोलते आणि सळईखाली खडीचा हाताला लागेल तो तुकडा सरकतो. साच्यात ओतलेले ४५ चे कव्हर ब्लॉक आणून द्यावेत, सळयांना तारेने बांधून घ्यावेत, मापाची भाषाच काढून टाकावी.

०.४५ चा अर्थ ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, आणि रेती ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच. साइटवर माप असतं रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा. एक डबा आणि वर थोडं, इतकंच. दुसरा डबा पुरा पडला तर गुणोत्तर ०.८ झालं, काँक्रीट छान वाहतं, गवंडी खूश, आणि वाळल्यावर त्यात मिठाला जायला मोकळे रस्ते. शिवाय हे पाणी कुठलं? बोअरचं किंवा टँकरचं असेल तर प्रयोगशाळेत द्यावं: सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, पीएच ६ च्या खाली नको. मुंबईत बोअर कितीतरी ठिकाणी मचूळ लागते आणि तेच पाणी पुढे क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) मारतात. खाडीच्या रेतीत शिंपल्यांचे कण दिसले तर ती परत पाठवावी. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, दिसायला राखाडी आणि रुक्ष, पण मिठाच्या बाबतीत प्रामाणिक.

आयएस १८९३ या भूकंपाच्या २०१६ च्या मानकात मुंबई तिसऱ्या झोनमध्ये धरलेली आहे, पण साइटवर कुणी आठवत नाही. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगचं टोक ९० अंशात वाकवून सोडलं की धक्क्यात रिंग उघडते. ते १३५ अंशात आत, कॉलमच्या पोटात वळवलेलं हवं. फिटरला एका रिंगमागे एक जादा वळण, एवढाच फरक. सगळ्या कॉलमचे सळईचे जोड एकाच उंचीवर, तेही स्लॅबलगत, ही दुसरी नेहमीची चूक.

स्लॅबच्या दिवशी घरात सगळ्यात जास्त माणसं आणि सगळ्यात कमी लक्ष असतं. १०० चौरस मीटरचा १२५ मि.मी. जाड स्लॅब म्हणजे साडेबारा घनमीटर, बीम धरून साधारण अठरा. सहा घनमीटरचे तीन मिक्सर. मानकाप्रमाणे इतक्या मालाला तीन नमुने, म्हणजे नऊ क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), आणि ते वेगवेगळ्या मिक्सरमधून. पहिल्याच गाडीतून नऊ भरून घेतले तर उरलेल्या दोन गाड्यांबद्दल काहीच कळलं नाही. मिक्सर वाटेत अडकतो, माल घट्ट होतो, ड्रायव्हर नळी सोडतो. हिशेब करून बघावा: घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १५७ लिटर पाणी असेल, त्यात २० लिटर वाढले तर ०.४५ चं ०.५१ झालं. गाडीभर मिळून फक्त १२० लिटर. नरमपणा हवा असेल तर प्लँटच्या माणसाकडून ॲडमिक्श्चर घालून घ्यावं. दोन तासांपेक्षा जुनी गाडी, वेळ वाढवणारं औषध घातलेलं नसेल तर, चलनावरची वेळ दाखवून परत करावी. वाद होतो. होऊ द्यावा.

त्या दिवशी सगळ्यात जपायची सळई छज्जाची आणि बाल्कनीची. ती वरच्या अंगाला असते, कारण पुढे आलेला भाग वरून ताणला जातो. मुळाशी १२५ मि.मी. जाड छज्जात ४५ चं कव्हर सोडून सळई खालून जवळपास ७५ वर येते. ओतताना बिगारी तिच्यावरून चालत गेले आणि ती ४० ने खाली दबली, तर ७५ चे ३५ उरले. छज्जाची ताकद निम्म्याहून खाली गेली आणि वरून काहीच दिसलं नाही. चालायला फळ्या टाकाव्यात, सळईखाली खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) द्याव्यात, आणि एक माणूस फक्त तिथे उभा करावा. इलेक्ट्रिशियनच्या नळ्या दोन सळयांच्या जाळ्यांमधून, एकमेकींना न चिकटता जायला हव्यात. पाइपांसाठी स्लीव्ह (पाइप आरपार जायला मोकळ्या नळ्या) आत्ताच सोडाव्यात. नंतर ब्रेकर चालला की सळईही तुटते आणि पुढचं वॉटरप्रूफिंगही.

टेकू काढायची घाई सेंट्रिंगवाल्याला असते, प्लेटांचं भाडं चालू असतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा, ही मानकातली मुदत साध्या सिमेंटची. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर वाढवावी. क्युरिंग म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं नव्हे. स्लॅबवर शेतासारखे वाफे पाडून पाणी तुंबवावं, कॉलमना गोणपाट गुंडाळावं, चौदा दिवस ते वाळू देऊ नये.

गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा उतरता थर, ही मुंबईच्या गवंड्यांची खास कला. आधी उघड्या स्लॅबवर पाणी तुंबवून गळती बघायची. मग सिमेंट-वॉटरप्रूफिंगच्या रबडीचा हात, मसाल्याचा (सिमेंट-रेतीचा) थर, त्यात भिजवलेले विटांचे तुकडे उभे लावून सांधे भरायचे, वर मसाला, घोटाई, चौकोनी रेघा. उतार १ ला १००: पाण्याच्या भोकापाशी ६५ मि.मी. असेल तर सहा मीटर लांब टोकाला १२५. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाशी फूटभर वर चढणारी गोल वाटा, नाहीतर पाणी त्या काटकोनातून शिरतं. वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो, म्हणजे शंभर चौरस मीटरला वीस टन. स्ट्रक्चरल इंजिनियरला हे आरंभी माहीत हवं. आणि वीस वर्षांनी गळायला लागल्यावर जुन्या कोब्यावर नवा कोबा घालणं म्हणजे न विचारता आणखी वीस टन. वर पांढरा चायना मोझेक (फुटक्या टाइल्सचे तुकडे) लावला तर खालची खोली मे महिन्यात सुसह्य होते.

चाचणी ७२ तासांची. भोकं बोळ्यांनी बंद करून उंच भागावरही इंचभर पाणी राहील इतकं भरायचं, पॅरापेटवर पेन्सिलीची खूण. मेच्या उन्हात पाणी उडून जातं आणि ठेकेदार प्रत्येक घट उन्हावर ढकलतो, म्हणून त्याच पाण्यात एक भरलेली बादली ठेवावी. बादलीतलं पाणी जितकं उतरलं तितकं उन्हाचं, बाकीचं कोब्याचं.

शंभर चौरस मीटरवर तासाला १०० मि.मी. पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. ११० मि.मी. चे दोन नळ, दोन वेगळ्या कोपऱ्यांत, आणि त्यांच्या थोडं वर पॅरापेटमधून बाहेर काढलेली एक पन्हळ. एक नळ कावळ्याने आणलेल्या हाडाने बंद होतो, दुसरा पिंपळाच्या पानांनी. गच्चीचं तळं होण्याआधी पन्हळ वाजायला लागते. पाच माणसांना दर माणशी १३५ लिटर धरून दिवसाला ६७५ लिटर. खाली दोन-अडीच दिवसांची टाकी, वर हजार लिटरची. वरच्या टाकीखाली कॉलम हवा, स्लॅबचा मध्य नव्हे. खालच्या टाकीचं तोंड अंगणापेक्षा फूटभर वर आणि डास शिरणार नाही असं घट्ट. वीजमीटर, पंपाचा स्टार्टर, इन्व्हर्टर हे सगळं खडूच्या त्या खुणेच्या वर.

दसऱ्याला पाया खणायला घेतला, डिसेंबरात जोतं बाहेर आलं, मार्चपर्यंत स्लॅब पडले, तर मे संपायच्या आत कोबा आणि बाहेरचं प्लास्टर होऊ शकतं. काँक्रीट आणि विटकामाच्या सांध्यावर चिकन जाळी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मारलेली असावी. बाहेरचा रंग लावून घ्यावा. आतला लावू नये, निदान पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना. पहिला पावसाळा त्या कोऱ्या प्लास्टरच्या राहू द्याव्यात. ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकायची. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून उतरणारा डाग ग्रॅनाइटच्या पट्टीचा. बीमखाली सरळ आडवी रेघ जाळीच्या सांध्याची. फरशीपासून हातभर उंचीचा सलग पट्टा जोत्यावरच्या थराचा. छतावरचा गोल डाग स्लीव्हचा किंवा नहाणीचा, आणि तो पाऊस नसतानाही वाढत असेल तर नक्की नहाणीचा. ऑक्टोबरात गवंड्याला घेऊन तारखांच्या क्रमाने त्या रेघा बघाव्यात. रंगवाल्याला फोन त्यानंतर.